दुसरा गजरा

मंडईबाहेरच्या गजरेवाल्या मावशींनी माझी विसाची नोट कपाळाला लावली. त्यांची सकाळची भवानी माझ्या हातून झाली.

मुलाने त्याच्या खात्यावरचं क्रेडिट कार्ड मला दिलंय. सुट्ट्या पैशांची कटकट नाही, पर्स मारली जायची भीती नाही. पण मी कॉफी प्यायले की फोन त्याचा वाजतो. "आई, आज दोन कॉफ्या? कोण होतं बरोबर?" काळजीनेच विचारतो. तरी साठी उलटल्यावर कॉफीचा जबाब मी का द्यावा? किराणा, औषधं खुशाल कार्डावर घेईन. गजरा नाही.

"अजून एक द्या," मी मावशींना म्हटलं. त्यांनी तो पानात बांधून दिला, विचारलं काहीच नाही. एक गजरा मी तिथेच माळला. दुसरा कुणाला दिला, ते इथेही लिहिणार नाही.