अध्याय अर्धवट सोडायचा नाही

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात डोंबिवलीच्या आमच्या चाळीतल्या बायका दुपारी आमच्याकडे पापड लाटायला जमत. शेजारच्या काकू मात्र लाटायच्या नाहीत, वाचायच्या. युद्धाआधी यजमानांबरोबर त्या जर्मनीत राहून आलेल्या. तिकडच्या एका बाईनं लिहिलेली कादंबरी मांडीवर घेऊन त्या थेट मराठीत सांगत, आणि त्यांच्या वाटणीचे पापड बाकीच्या लाटत.

कादंबरीतली बाई सूतगिरणीत कामाला. पुरुषांच्या निम्मी मजुरी, वर घरी नवऱ्याचा मार. ती गिरणीतल्या बायका गोळा करते, संप घडवून आणते. मी तोंडात बोट घालून ऐकायची. बाईमाणूस असं बोलू शकतं आणि दुसरी बाई ते लिहून छापू शकते, या विचारानं अंगावर काटा यायचा. आईला कादंबरी ठाऊक नव्हती, पोथी ठाऊक होती. त्यामुळे तिचा नियम एकच, अध्याय संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. शेवटी ती त्या पुस्तकाला हळदकुंकूसुद्धा वाहायची. काकू हसायच्या, पण अडवलं नाही हो त्यांनी कधी.

माझी मॅट्रिक झालेली. कॉलेजात घाल म्हणून मी आईच्या मागे भुणभुण लावलेली आणि ती दर वेळी मला दुसरंच काहीतरी काम सांगायची. वडील गेलेले, घर मामाच्या आधारावर चालायचं. त्यानं कल्याणचं स्थळ आणलं. मंडळी संध्याकाळी यायची होती, ती भर दुपारीच मामासकट हजर. बाहेरच्या खोलीत बसली, मधे नुसता पडदा. काकू पुस्तक मिटू लागल्या तर आई म्हणाली, "अध्याय राहिलाय. वाचा."

मामा बाहेरून खाकरत राहिला. इकडे गोष्टीत त्या बाईचा नवरा त्यांच्या मुलीला न्यायला आलेला. गिरणीमालकाच्या घरी तिला मोलकरीण ठेवायची, सगळं ठरवूनच. बाई दारात उभी राहते आणि म्हणते, पोरीचं मी बघेन, तू जा. लाटणी थांबली होती.

अध्याय संपला. आईनं हळदकुंकू वाहिलं, हात धुतले आणि पडदा सारून बाहेर गेली.

"दादा, तिला पुढे शिकायचंय. मंडळींना उगाच त्रास झाला, माफ करा."

माझी आई. मामासमोर कधी वर मान करून न बोललेली. मी पडद्याआडून बघतच राहिले.

मामा त्यानंतर आमच्याकडे फिरकला नाही. माझी फी आईनं लोकांचे पापड लाटून भरली.