मर्यादित जोड, अमर्याद संशय

चांगल्या बुटांचं एक वाईट असतं. ते हाताला लागत नाहीत, पण त्यांच्या नादात किस्से मात्र ढिगानं लागतात. आमच्या तिघांच्या घरचे शूजचे सगळे खोके एकत्र केले तरी एक कपाट भरणार नाही. किस्से मात्र असे साठलेत की धाराशिवच्या कुठल्याही टपरीवर बसा, चहा संपतो, किस्से संपत नाहीत!

तिघं म्हणजे मी, बसू आणि तौफिक. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, दिवसभर लोकांचं रक्त तपासते. बसू म्हणजे बसवराज. त्याच्या वडलांची धान्याची आडत आहे, तो तिथंच बसतो. तौफिकचं मोबाइलचं दुकान. कॉलेजात तिघांनाही एकच नाद लागला, लिमिटेड स्नीकरचा. म्हणजे कंपनी मोजकेच जोड काढणार, ठरलेल्या वेळी ॲपवर विकायला ठेवणार, आणि ज्याला मिळाला तो दुसऱ्याच दिवशी तिप्पट भावानं तुम्हालाच विकायला येणार! असल्या नादात माणूस दोनच गोष्टी शिकतो, पळायला आणि संशय घ्यायला. आम्ही पळायला शिकलो नाही. शूज खराब होतात.

*

पहिल्यांदा ॲपवर घ्यायचं ठरलं तेव्हा तौफिकच्या दुकानात सकाळपासून तयारी. तिघांचे तीन फोन, एक लॅपटॉप, पत्ते आधीच भरून ठेवलेले, कार्ड जोडलेलं. गिऱ्हाईक स्क्रीनगार्ड मागायला आलं तर तौफिक म्हणाला, "मामू, थोडं थांबा, इथं मॅच चालू हाय."

घड्याळ शून्यावर आलं. तिघांनी एकदम बटन दाबलं. स्क्रीनवर गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय... आणि पाटी आली, "संपले!"

बसू म्हणाला, "संपले? अरे, पण सुरू कधी झाले होते?"

तौफिकनं सांगितलं, यात बॉट असतात. माणसाऐवजी सॉफ्टवेअरच बटन दाबतं, आपलं बोट उचलायच्या आत. आम्ही हळहळत बसलो, तोवर त्याच फोनवर दुसऱ्या साइटवर तोच जोड विकायला आला. फोटोसकट! बूट अजून कंपनीच्या गोदामात आणि याच्याकडं टेबलावर ठेवून काढलेला फोटो!

बसू तोंड पाडून आडतीवर गेला. त्याच्या वडलांनी, म्हणजे अप्पांनी, गादीवरूनच विचारलं, "याको, काय झालं?" अप्पा चिडले किंवा काळजीत असले की कानडीत सुरुवात करतात. बसूनं सगळं सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग ह्यात नवीन काय हाय? माल आधीच ठरलेला असतोय बाबा. लिलावाचा पुकारा फक्त ऐकायला असतोय!"

*

मग कंपनीनं नवी पद्धत काढली. लकी ड्रॉ. नाव नोंदवायचं, निवड झाली तर मेसेज येणार, आणि ठरलेल्या वेळात पैसे भरायचे. आम्ही घरातल्या प्रत्येकाचं नाव टाकलं. बसूच्या आत्याचं, तौफिकच्या खालाचं आणि माझ्या आईचं.

माझी आई शाळेत शिक्षिका होती, आता रिटायर. तिला मी फक्त एवढंच म्हणाले होते, "तुझा नंबर एका ठिकाणी देतेय हं." ती डाळ निवडत होती. "दे की," म्हणाली.

निकालाचा दिवस मावळायला आला. कुणालाच काही नाही. बसू म्हणाला, "सगळं सेटिंग हाय. ड्रॉ काढतच नसतील." मलाही पटलं. संध्याकाळी घरी आले तर आई खुशीत. "आज मी एका चोराला बरोबर ओळखलं!"

"कोण चोर?"

"मेसेज आला होता. अभिनंदन, तुमची निवड झाली, लवकर पैसे भरा. मी नंबरच ब्लॉक केला! भजनी मंडळाच्या ग्रुपवर पण टाकलं, असा मेसेज आला तर उघडू नका म्हणून."

मी तिच्या हातातून फोन घेतला, शोधलं, लिंक उघडली. मुदत संपलेली. मी ओरडणार तेवढ्यात आई म्हणाली, "माझ्यावर डोळे वटारू नको. तूच शिकवलंस. अभिनंदन आलं की समजायचं, चोर!"

*

सरळ मार्गानं मिळेना म्हणून रिसेलवाल्याकडून घ्यायचं ठरलं. तो बीडकडचा. मधलं ठिकाण म्हणून येरमाळ्याला हायवेवरच्या हॉटेलात भेटायचं ठरलं. नाव त्यानं वैभव सांगितलं. खरं असेलच असं नाही.

वैभव आला तो तोंडाला रुमाल बांधून आणि पायात रबरी चप्पल घालून. तौफिक माझ्या कानात म्हणाला, "बूट विकणारा चपलेत फिरतोय. मला काय हे बरोबर दिसत न्हाय."

त्याला आमच्यावर त्याहून जास्त संशय. खोका उघडेना. "आधी पैसे दाखवा." बसूनं नोटा दाखवल्या. त्यानं एकेक नोट उजेडाकडं धरून बघितली. बसूचा पारा चढला. "आमची आडत हाय भाऊ, आमच्या नोटा कुणी अशा बघितल्या नाहीत आजवर!"

"मग तुम्ही पण बघा की माझे बूट," तो म्हणाला आणि खोका उघडला.

आता खऱ्या-खोट्याची एक परीक्षा असते वासाची. खऱ्या जोडाच्या डिंकाला एक वेगळा वास येतो म्हणतात. बसूनं बूट उचलला आणि आत नाक घातलं. लांब श्वास घेतला. डोळे मिटले. पुन्हा घेतला. मग तौफिकनं घेतला. मग माझ्याकडं आला. मी पण डोळे मिटून हुंगत होते.

तेवढ्यात आतून हॉटेलवाला धावत आला. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात फोडलेला कांदा. "सरका, सरका! ताईला वारा लागू द्या! फिट कितीदा येते हिला?"

वैभव त्या गोंधळात खोका उचलून जो गेला तो गेलाच. वास बरोबर होता का, यावर बसू आणि तौफिकचं अजून भांडण आहे. कांदा मात्र वाया गेला नाही. हॉटेलवाल्यानं त्याची भजी करून दिली.

*

आमच्याकडच्या आठवडी बाजारात एक हातगाडीवाला शूज विकतो. त्याच्याकडं एके दिवशी तो जोड दिसला, जो कंपनी अजून काढायची होती! कंपनीनं फक्त एक अर्धवट फोटो टाकला होता, पुढच्या बाजूचा. आणि इथं गाडीवर, चप्पल-सँडलच्या ढिगात, पूर्ण जोड. टाचेवर जांभळी पट्टी!

तौफिक पोट धरून हसला. "इथंच चुकला गडी! पुढचं फोटोत बघून केलं, मागचं मनानं ठोकलं. जांभळी पट्टी कुठून आणली?"

पुढं कंपनीनं पूर्ण फोटो टाकले. टाचेवर जांभळी पट्टी.

दुकानात आम्ही तिघांनी तो फोटो मोठा करकरून बघितला. पुढच्या बाजाराला तौफिक आधी गाडीवर हजर. "चाचा, खरं सांगा, कंपनीच्या आधी तुमच्याकडं ह्याची कॉपी आली कशी?"

चाचांनी दोन्ही बुटांच्या लेसची गाठ मारली, जोड ढिगावर फेकला आणि म्हणाले, "कॉपी? बेटा, हमारा पहले आया. कॉपी तो वो लोग किये!"

*

आता संशय बाहेरच्यांचा घेत होतो तोवर ठीक होतं. मग तो घरात शिरला.

एका ड्रॉपनंतर, म्हणजे ॲपवरच्या असल्याच एका विक्रीनंतर, तौफिकनं सांगितलं, "नाही मिळाला." आम्हाला वाईट वाटलं. थोड्या दिवसांनी तो लॅबवर आला आणि दार लोटून म्हणाला, "बसूला सांगू नको. मला मिळाला होता. पण पायाला चावतोय. मी दुसऱ्या नावानं विकायला टाकलाय. बसूला कळलं तर घरच्या भावात मागेल."

त्याच आठवड्यात बसू आला. तोही दार लोटून म्हणाला, "तौफिकला सांगू नको. एक जोड मिळतोय मला. दुसऱ्या नावानं बोलणं चालू हाय. आडतवाल्याचा पोरगा म्हणून कळलं की भाव चढवतात लोक. आणि तौफिकला कळलं तर तो मधी पडून स्वतःच घेईल."

लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला एक सवय असते. रिपोर्ट ज्याचा त्यालाच द्यायचा. मी गप्प बसले. मात्र दोघांनीही व्यवहाराचा सांगितलेला दिवस एकच होता आणि ठिकाणही एकच, तुळजापूरचं बसस्टँड. मी सुट्टी टाकली, समोरच्या टपरीवर पोह्यांची प्लेट घेतली आणि बसले.

बसू आला. तौफिक आला. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघांचेही चेहरे पडले.

"तू इथं कसा?"

"खालाला गाडीत बसवायला आलो. आणि तू?"

"पाव्हणे येणार हायेत." 

दोघंही दुसरा कधी जातोय याची वाट बघत उभे. तौफिकच्या बगलेत खोका. बसू त्याच्याकडं बघेना, कारण त्याचं लक्ष गर्दीत विकणारा शोधण्यात. शेवटी तौफिकनं पाठ वळवून मेसेज टाकला. बसूचा फोन वाजला. बसूनं पाठ वळवून उत्तर दिलं. तौफिकचा फोन वाजला. असं बराच वेळ चाललं. माझे पोहे संपले.

मग तौफिक हळूच वळला. बसूही वळला.

"म्हणजे 'तुमच्यासारखे चोर लई बघितले' हे तू मला लिहिलंस?"

"आणि 'ऐपत नसली तर बोलू नका' हे तू मला?"

दोघंही मग एकदमच टपरीकडं वळले. मला बघितलं. पहिल्यांदाच दोघांचा संशय एकाच माणसावर आला!

*

हा शेवटचा किस्सा बसूचा. तो सांगताना बसू अजूनही हसत नाही.

बसूचं लग्न झालं. सासुरवाडी अणदूर. बायकोच्या धाकट्या भावानं आहेरात त्याला स्नीकर दिले. पांढऱ्यावर हिरवी रेघ, ज्याच्यामागं आम्ही वर्षभर लागलो होतो तोच जोड. "दाजी, एकदम ओरिजिनल हाय," मेव्हणा म्हणाला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

आम्ही घरी आणून बघितले. लेसच्या खालच्या पट्टीवर कंपनीचं नाव असतं. त्या नावात एक अक्षर जास्त होतं.

तौफिक तोंड उघडणार, तोच बसू म्हणाला, "गप बसा. पोरानं हौसेनं दिलेत. त्याला कळता कामा नये." आणि खरंच, सासुरवाडीला जाताना तो दरवेळी तेच घालून जायचा.

असाच एका रविवारी तो बायकोला घेऊन अणदूरला गेला. खंडोबाचा वार, देवळात गर्दी, भंडाऱ्याची उधळण. बाहेर काढून ठेवलेल्या चपला-बुटांवरही पिवळा थर. दर्शन झालं, बसूनं बूट घातले, सासऱ्याकडं जेवला आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसलो होतो. बसू रुमालानं बुटांवरचा भंडारा पुसत होता. पुसता पुसता थांबला. बूट माझ्याकडं दिला. लेसखालच्या पट्टीवर नाव होतं. अक्षर जास्त नव्हतं.

तौफिकनं शिलाई बघितली, आतला नंबर बघितला, तळ बघितला. मग बूट काउंटरवर असा ठेवला जशी काचेची वस्तू. "बसू, हा खराय."

माप तेच. रंग तोच. भंडाऱ्यानं पिवळे झालेले दोन जोड, आणि कुणीतरी घाईत चुकीचा घालून गेलं होतं.

"देवानं दिला रे," तौफिक म्हणाला. "ठेव."

बसूनं बुटावरचा राहिलेला भंडारा पुसला. मग म्हणाला, "ज्याचा हाय त्यानं पण आपल्यासारखीच बोटं झिजवली असतील. आणि आता तो माझा डुप्लिकेट घालून फिरतोय. त्याला कुणी सांगितलं तर कसं वाटेल?"

पुढच्या रविवारी आम्ही तिघं अणदूरला. बसूच्या पायात तो खरा जोड, ओळख पटावी म्हणून. देवळाबाहेर पायऱ्यांवर बसलो. लोक देवाकडं बघत होते, आम्ही लोकांच्या पायांकडं. एका बाईनं आपल्या चपला उचलून लांब नेऊन ठेवल्या आणि म्हणाली, "चांगल्या घरची दिसतायत, अन् धंदे बघा!"

ऊन चढलं. बसू उठायला तयार नव्हता.

आणि तो आला. आमच्याच वयाचा, हातात हेल्मेट. पांढऱ्यावर हिरवी रेघ. पायरीवर बसून त्यानं लेस सोडली, पट्टी पुढं आली, आणि मी बघितलं. अक्षर जास्त. त्यानं बूट बाहेर ठेवले नाहीत. पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि ती छातीशी धरूनच देवळात गेला. आमच्याइतकाच संशयी माणूस दिसत होता.

तो बाहेर येईपर्यंत बसू उभाच होता. मनातल्या मनात काय बोलायचं ते जुळवत होता. माणूस पायऱ्या उतरला तसा बसू हात जोडून पुढं झाला.

"भाऊ, जरा थांबा. त्या पिशवीतले बूट—"

माणूस थबकला. बसूच्या तोंडाकडं बघितलं. मग बसूच्या पायांकडं बघितलं. मग आमच्या दोघांकडं. त्याचा चेहरा पांढरा पडला. पिशवी त्यानं आणखी घट्ट आवळली.

"अवो, ऐका तरी," बसू म्हणाला. "तुमचे—"

पण तो पळत सुटला होता. अनवाणीच गाडीवर बसला, पिशवी पोटाशी दाबली, हातातलं हेल्मेट हँडलला अडकवलं. बसू मागं धावला. तौफिकही धावला. रस्त्यावरचे लोक आमच्याकडं बघायला लागले. गाडी नळदुर्गच्या वाटेला लागली, तेव्हा त्यानं एकदाच मान वळवली आणि अख्ख्या अणदूरला ऐकू जाईल असा ओरडला,

"एक जोड चोरून पायात घातलाय, तेवढं बास न्हाय व्हय रे चोरांनो? ह्यो माझा हाय! ओरिजिनलचं बिल हाय माझ्याकडं!"