सीलिंगवाले सार्जंट

सार्जंट खंडारे कोणत्याही गोष्टीची आधी सीलिंग, म्हणजे वरची मर्यादा, विचारायचे. नवी बैलजोडी दिसली की, "याची सीलिंग किती क्विंटल?" मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा त्यांनी पाठ थोपटली नाही. तुझी सीलिंग बी.ए.पर्यंत, त्याच्या वर नाक उचलू नको, असं बजावलं. शेलूबाजारच्या आमच्या वस्तीतून हवाई दलात गेलेला हा पहिला माणूस. निवृत्त होऊन आले ते बुद्धवंदनेला इस्त्रीच्या शर्टात पहिल्या रांगेत बसू लागले. मला हा माणूस कधी आवडला नाही, आणि आज लिहायला बसलो म्हणून गोड बोलण्याचं कारण दिसत नाही.

गावाला वाटे, खंडारे जेट उडवत. त्यांनी तसं कधी सांगितलं नाही. नाही असंही सांगितलं नाही. खरं काम वेगळं होतं. तळावरच्या एका बंद खोलीत लढाऊ जेटचं नुसतं नाक सिमेंटवर रोवलेलं असे. खुर्ची, दांडा, काटे, सगळं खऱ्यासारखं. त्याला सिम्युलेटर म्हणतात. शिकाऊ वैमानिक आत, खंडारे बाहेर बटणांपाशी. आतला साठ हजार फुटांच्या वर चढवू लागला, की खंडारे बाहेरून त्याचं इंजिन विझवायचे. "वरतं हवाच नाई. पंखाले धरायले काई राह्यत नाई. पोट्टं मंग दगडावानी खाली येते." हे सांगताना त्यांचे डोळे चमकत. दुसऱ्याचं इंजिन विझवण्यात एवढा आनंद मानणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

ते निवृत्त होऊन गावी आले त्याच सुमारास जमिनीच्या सीलिंगचा सुधारलेला कायदा आला. मर्यादेवरची जमीन सरकार घेणार आणि भूमिहीनांना देणार. गावच्या मोठ्या मालकाने लगेच आपली वावरं पुतणे, मेहुणे आणि पाळण्यातला नातू यांच्यात वाटून टाकली. अर्थात कागदावर. नांगर तेच, सालदार तेच, हुकूम एकाचाच. खंडाऱ्यांचं तीन एकर नेमकं त्याच्या धुऱ्याला, बांधाला बांध लागून. रोज डोळ्यांनी पाहणारा आणि साहेबासमोर न अडखळणारा साक्षीदार गावात हा एकच. आम्ही काही जणांनी भूमिहीनांची यादी करून तहसिलीत अर्ज दिला होता; जमीन निघाली असती तर त्या यादीत पहिलं नाव गंगूबाईचं होतं. नवरा गेल्यापासून ती त्याच वावरात निंदण करत होती.

मी खंडाऱ्यांना म्हणालो, सभेत सीलिंगवर बोला. ते लगेच हो म्हणाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी चौकातल्या फळ्यावर लिहिलं: 'सीलिंग या विषयावर सार्जंट खंडारे बोलतील.' मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून लोक मजुरी बुडवून आले. खंडारे उभे राहिले आणि तासभर लढाऊ जेटच्या सीलिंगवर बोलले. विरळ हवा, थरथरणारे काटे, विझलेलं इंजिन. लोक बिचारे वाट पाहत होते, की आता एकरावर येतील. एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला हळूच विचारलं, साठ हजार फूट म्हणजे किती एकर? शेवटी गंगूबाई उठली.

"दादा, ते खोलीतलं इमान पडलं का मानूस मरते?"

"नाई. बटन दाबलं का पुन्हा चालू."

"मंग भेता कायले?"

सभा हसली. खंडारे खाली बसले. जाताना मला एवढंच म्हणाले, तहसिलीत येतो.

आले. मंगरूळपीरच्या कचेरीत मालक खुर्चीवर, आम्ही भिंतीला टेकून. साहेबाने विचारलं, ही वावरं खरोखर कोण वाहतं? खंडाऱ्यांनी मालकाकडे पाहिलं, मग छताकडे.

"आपल्याले मालूम नाई, साहेब."

आमचा अर्ज तिथेच पडला.

बाहेर एस.टी. स्टँडवर ते नळावर तोंड धुऊन माझ्याशेजारी येऊन बसले. "खोलीत काटा साठ हजार दाखवे, गड्या, पन मशीन सिमिटावरच राहे. या मालकाच्या कागदाचं तसंच हाये. जमीन दहा नावावर गेली म्हन्तेत, जागची हालली नाई."

इतकी नेमकी साक्ष मी आजवर ऐकली नव्हती.

"हे आत काहून नाई बोल्ले?"

आत दम लागला, म्हणाले. मी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो.

ते वाक्य मी जसंच्या तसं पत्रकात छापलं, खाली त्यांच्या नावासकट. विचारायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी ते पत्रक घेऊन दारात उभे.

"हे मी आत बोल्लो नाई. माहं नाव खोड."

मी म्हणालो, अपिलात येऊन बोला, म्हणजे खोडावं लागणार नाही. त्यांनी पत्रकाची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि निघाले. अपिलाच्या तारखेआधीच ते नागपूरला मुलाकडे गेले, ते परत न येण्यासाठी.

अपिलात मी ते पत्रकच पुढे केलं. कागदाची उलटतपासणी करता येत नाही, असं म्हणून साहेबाने ते परत दिलं. गंगूबाई अजून त्याच वावरात निंदायला जाते. सातबाऱ्यावर मालकाचा नातू आहे. तो आता चालायला लागला आहे. पत्रकांचा गठ्ठा माझ्याकडे उरला आहे, येईल त्याला मी एक देतो. खंडाऱ्यांचं नाव मी खोडलेलं नाही.