दुसऱ्या गुरुवारचा फॅक्स

बहारीनच्या राजधानीत, मनामातल्या त्या बँकेत मराठी आम्ही दोघेच. मी पुण्याचा अकाउंटंट, आणि माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, रत्नागिरीकडचे एक जुने क्लार्क. मी त्यांना भाई म्हणायचो. पुणेरी माणसाला कोणी काही शिकवू शकत नाही, असा लोकांचा समज आहे. मला मात्र बँकेतलं सगळं भाईंनीच शिकवलं.

बँकेने कोरियातले शेअर्स घेतलेले होते. बाजार पडला तर नुकसान भरून निघावं म्हणून तिथल्या दोनशे कंपन्यांच्या निर्देशांकाचे फ्युचर्स आम्ही विकून ठेवत असू. एक प्रकारचा विमाच तो. पण दर तीन महिन्यांनी, महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, त्याची मुदत संपायची, आणि आमच्या ऑफिसला गुरुवार-शुक्रवार सुट्टी. म्हणून पुढच्या मुदतीचे फ्युचर्स विका, असा फॅक्स सोलच्या दलालाला बुधवारीच जायचा. हे काम भाईंचं होतं.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात त्या बुधवारी भाईंना मुलीच्या शाळेत बोलावलं होतं. मुलगी दहावीत, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. मीच म्हणालो, "भाई, तुम्ही निघा. फॅक्स मी करतो."

फॅक्स लागेना. तीनदा करून पाहिला. मग कागद ट्रेमध्ये ठेवला, चहा घेतला, कोणाचा तरी फोन आला, आणि मी चक्क घरी गेलो. सुट्टीचे दोन्ही दिवस मजेत झोपा काढल्या. त्या झोपांची मला आजही लाज वाटते.

शुक्रवारी सोलचा बाजार कोसळला, तेव्हा आमचा विमा संपलेला होता. शनिवारी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, फॅक्स का गेला नाही? भाई काहीच बोलले नाहीत. मीही मूग गिळून बसलो. बायकोला आठवा महिना होता, माझा व्हिसा नोकरीवर होता, ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी मी फक्त घाबरलो होतो. काम भाईंचं, म्हणून नोकरी भाईंची गेली. नोकरीबरोबर व्हिसा गेला, आणि परीक्षा तोंडावर असताना मुलीची शाळा.

ते निघायच्या आदल्या दिवशी मी मनामाच्या झिंज भागातल्या त्यांच्या घरी गेलो. खोक्यांना दोऱ्या बांधून झाल्या होत्या. आतून मुलगी विचारत होती, "मम्मी, केमिस्ट्रीची बुक्स घेऊ की नको?" मला राहवलं नाही.

"भाई, तो फॅक्स माझ्याकडून राहिला."

"ठावं हाय मला," भाई म्हणाले. "शनवारी सकाळीच ट्रेमधी बगितला."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीत?"

"सायबानं इचारलान तवा तुज्याकडंच बगत होतो. म्हटलं, आता बोलंल."