दादूच्या बेटाचा काठ

कृष्णेतलं ते बेट बघायची कुणाला हौस असेल तर उशीर करू नका, एवढंच सांगतो. मी काही हौसेनं गेलो नव्हतो. पुरानं काठ खाल्लाय, बेट नव्यानं मोजून आणा, असा मोजणी खात्याचा हुकूम आला आणि मोजायची साखळी, झेंड्या, खुंट्या घेऊन साताऱ्याहून निघालो.

लढाई नुकतीच संपलेली, पेट्रोल कुठलं मिळायला! मोटार कोळशावर चालणारी. चढ लागला की सगळ्यांनी उतरायचं आणि ढकलायचं, वर भाडं आपणच द्यायचं. सांगलीला पोचेपर्यंत सदरा काळाकुट्ट झाला. तिथं गुळाचा चहा मिळाला, तोही नुसतं पाणी. पुढं आठ आण्यांत बैलगाडी, मग नाव. गाडीवाल्याशी घासाघीस करू नका, रस्ता खरंच भिकार आहे.

बेटावर एकट्या दादूचं शेत. गडी ब्रह्मदेशच्या लढाईतून जिवंत परतलेला. त्यानं भाकरी आणि वांग्याचं भरीत पुढ्यात ठेवलं. इतकी गोड वांगी मी जन्मात खाल्ली नव्हती.

"तिकडं चिखलात पडलो की ह्येच शेत डोळ्यापुढं यायचं बगा," तो म्हणाला.

नकाशात जे पाणी म्हणून रंगणार, ते आपल्या नावावरून जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी काठावर खुंट्या ठोकायला लागलो, तसा तो झेंडी उचलून सरळ नदीत शिरला. छातीएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडला, "आवं सायेब, बांध हितं हुता! रेघ हितनं वढा!"

"अरे बाबा, तिथं पाणी आहे!" मी खेकसलो.

"पर खाली माजीच माती हाय की!"

नावाड्यानं तोंड फिरवलं. मी रेघ काठावरूनच ओढली. दुसरं काय करणार होतो?

सकाळी बघतो तर नदीकडच्या खुंट्या गायब. काठ आणखी ढासळला होता. पुन्हा मोजणी करावी लागली. या वेळी दादू भांडला नाही, मुकाट्यानं खुंट्या धरत राहिला. भांडला असता तर बरं वाटलं असतं मला.

निघताना त्यानं वांग्यांचं गाठोडं हातात दिलं. "सायेब, पुढल्या साली येऊ नगा. मोजायला काय ऱ्हायाचं न्हाई."

घरी येऊन नकाशा रंगवायला बसलो. दादूचं निम्म्याहून जास्त शेत निळं झालं. बायको मागून वाकून म्हणाली, "अगंबाई, निळा रंग काय सुरेख बसलाय हो! चला, पानं वाढलीत."

ताटात त्याच वांग्यांचं भरीत होतं. मी तसाच उठलो.