भिवापूरहून परत

भिवापूरच्या थांब्यावर मी एसटीची वाट पाहत होतो. साठीला टेकलेला एक माणूस नवीकोरी सायकल ढकलत आला आणि बाकावर कोसळला. नागपूरहून दोनशे किलोमीटरच्या सायकलफेरीला निघालेला. निम्मीही झाली नव्हती. पोटरीत गोळे आल्याने त्याला बूट काढता येईनात. मी वाकून काढले.

“रोज तलावाले दहा चकरा मारत होतो. वाटलं, होऊन जाईन,” तो म्हणाला.

“पुढच्या वर्षी जमेल, काका.”

पोटऱ्या चोळणारे त्याचे हात थांबले. “जिंदगीत मले पाहिजे म्हणून एवढं एकच केलं गा.”

सायकल टपावर चढवून आम्ही एसटीत बसलो. त्याला घरून फोन आला.

“मस्त चालवून राहिलो,” तो म्हणाला.

नागपूर येईपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही.