टीमला एक कीपर पाहिजे

“टीमला एक कीपर पाहिजे,” असं माझा मोठा भाऊ रोज संध्याकाळी म्हणायचा आणि रोज माझं डोकं फिरायचं. बोलणं खोटं नव्हतं, कीपर खरंच पाहिजे होता. पण आमच्या फुटबॉल टीमचा जो चांगला कीपर होता तो दादाचाच मुलगा, आणि दहावी होताच त्याला उचलून लातूरला क्लासला नेऊन टाकलं ते दादानंच. आता तोच माणूस चहाच्या टपरीवर बसून सगळ्या गल्लीला सांगायचा की कीपर नाही म्हणून आपण मार खातो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

दादा मुदखेडच्या एका शाळेत शिक्षक आहे. रोज रेल्वेनं जाऊन येऊन करतो. संध्याकाळी नांदेडला उतरला की घरी जायच्या आधी मैदानाशेजारी चाचांच्या टपरीवर येतो. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान तिथंच बाजूला आहे. चाचा चहा विकतात आणि टीमही तेच चालवतात. मी एकेकाळी ह्याच टीमचा कीपर होतो. एका मॅचमध्ये उजव्या हाताची करंगळी मोडली आणि वाकडीच बसली, एवढं सोडलं तर फुटबॉलनं माझं काही वाईट केलं नाही. पुतण्याला बॉल धरायला मीच शिकवलं. दुकानाच्या शटरसमोर त्याला उभा करायचो आणि बॉल मारायचो. शटरचा आवाज आला की गोल. हळूहळू शटरचा आवाज येईनासा झाला, तेव्हा मला कळलं की हे पोरगं माझ्याहून पुढं जाणार.

लातूरवर माझा राग आहे तो असा. दर जूनमध्ये आमची टीम अर्धी होते. एका वर्षी डावा बॅक गेला, डॉक्टर व्हायला. पुढच्या वर्षी दोन फॉरवर्ड गेले, इंजिनिअर व्हायला. मोठ्या मेहनतीनं पोरं तयार करायची आणि ती अंगापिंडानं भरली, त्यांना खेळ कळायला लागला, की आईबाप त्यांना गादी आणि बादली घेऊन लातूरच्या गाडीत बसवतात. तिथं डाळीच्या गिरण्या आहेत तशाच ह्या पोरांच्याही आहेत. दोन वर्षांनी पोरगं परत येतं तेव्हा त्याला पळता येत नाही. पण हे सगळं दादासमोर बोललो की तो एकच विचारायचा.

“आपल्या घरात आजपर्यंत कुणी डॉक्टर झालंय का?”

“न्हाई.”

“मग? फुटबॉलवर तुझं तरी घर चाललंय का?”

माझं घर जळालेल्या मोटारी भरून चालतं. मग तो चहाचा घोट घेऊन म्हणायचा, “पण काही म्हण, टीमला एक कीपर पाहिजे.”

दिवाळीनंतर स्पर्धा सुरू झाली. आमच्या भागातल्या चार-पाच जिल्ह्यांतल्या टीमा, पहिल्या चार टीमांची सेमीफायनल लातूरला. त्याआधी कीपर कोण, ह्यावर टपरीवर जी चर्चा झाली तिच्यात कुणीच मागं राहिलं नाही. चाचा म्हणाले, हैदराबादहून पैसे देऊन पाहुणा प्लेअर आणू. दादा म्हणाला, बाहेरचा नको, आपल्याच मातीतला पाहिजे. (आपल्या मातीतला तुझ्या पोटचा लातूरला बसलाय, हे मी मनात म्हणालो.) शेवटी कुणाच्या तरी डोक्यातून अर्धापूरचा एक गडी निघाला. उंच, हाडापेरानं मजबूत. केळीच्या गाड्या भरायचं काम करायचा. ट्रकवर उभं राहून खालून आलेला घड वरच्यावर घ्यायचा आणि रचायचा.

“दिवसभर घड धरून राहिला तो,” दादा म्हणाला. “त्याला बॉल काय जड?”

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे सांगायला पाहिजे.

केळीवाला मनानं फार चांगला. छातीच्या वर आलेला बॉल तो असा सुंदर घ्यायचा की बघत राहावं. पण त्याला बॉल कधी बुक्कीनं बाहेर मारता आला नाही. तो प्रत्येक बॉल कुशीत घ्यायचा, अलगद, जणू डाग पडला तर व्यापारी भाव पाडेल. आणि जमिनीवरून आलेल्या बॉलचं त्याला काही कळायचंच नाही. केळीचा घड जमिनीवरून सरपटत कधी येतो का? पहिल्याच मॅचला दोन बॉल त्याच्या पायांमधून गेले. तो मागं वळून जाळीकडं असं बघत राहिला की मला त्याच्यावर रागही धरवेना. राग दादावर आला.

तरी कसेबसे आम्ही जिंकत-हरत शेवटच्या मॅचपर्यंत आलो. मग हिशेब सुरू झाले. चाचांनी टपरीच्या फळीवर चहाचे रिकामे ग्लास मांडले. हा नांदेड, हा परभणी, हा हिंगोली. आपण बरोबरी केली आणि परभणी हरली तर आपण वर. आपण हरलो आणि परभणीही हरली तर गोल मोजायचे. दादा मास्तर, त्यामुळं त्याला हे सगळं तोंडपाठ. तो ग्लास इकडचे तिकडं सरकवायचा आणि आम्ही माना डोलवायचो. मधे एकदा गर्दीत चाचांच्या पोऱ्यानं दोन ग्लास धुवायला नेले आणि आमचा सगळा हिशेब गेला.

“अरे, परभणी कुठं गेली?” दादा ओरडला.

“बादलीत हाय, सर,” चाचा म्हणाले. “डुबली समझो.”

आणि खरंच परभणी हरली. आम्ही बरोबरी केली, तीही समोरच्यांनी शेवटच्या क्षणी गोल मोकळा असताना बॉल बाहेर मारला म्हणून. लातूरला जायचं पक्कं झालं. त्या संध्याकाळी टपरीवर आनंद होता, पण मला गप्प बसवेना. मी दादाला बाजूला घेतलं.

“पोरगं लातूरच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर राहतंय. चाचांनी त्याचं नाव टीमच्या यादीतून काढलेलं न्हाई. तू होस्टेलला एक फोन कर. बापाच्या फोनशिवाय ते सोडत न्हाईत.”

“रविवारी सकाळी टेस्ट असते त्याची.”

“मॅच दुपारी हाय.”

“सोमवारी पुन्हा क्लास हाय.”

“सोमवार रविवारी दुपारी येतो का?”

दादानं माझा हात धरला आणि माझी करंगळी वर केली. “ही बघ. हे त्याच्या हाताला झालं तर? लिहील कशानं? ऐन परीक्षेच्या वर्षाला?”

परीक्षेला अजून वर्षाहून जास्त अवकाश होता. पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. वहिनींनी त्याच्या फीसाठी किती काटकसर केली होती हे मला माहीत होतं, आणि दादाच्या आवाजात भीती होती, हेही ऐकू आलं. एवढं मात्र त्यानं मान्य केलं की फोन करीन, पोराला मॅच बघायला येऊ देऊ. फक्त बघायला.

रविवारी आम्ही दोन क्रूझर करून निघालो. वहिनींनी डब्यात लाडू दिले होते. त्या पिशवीत, डब्याच्या खाली, मी पुतण्याचे जुने ग्लोव्हज ठेवले. दादानं ते पाहिले. काढायला लावले नाहीत. मला वाटलं, अर्धं काम झालं.

पुतण्या मैदानाच्या फाटकावर उभा होता. पाच-सहा महिन्यांत उंच झाला होता आणि उन्हात न गेल्यानं गोरा पडला होता. तो आमच्या पाया पडला तसं दादानं पहिला प्रश्न विचारला, टेस्ट कशी गेली. बरी गेली म्हणाला. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, “काका, कीपर कोण?”

“बघशील आता,” मी म्हणालो.

आमच्या पोरांनी त्या दिवशी जो खेळ केला त्याला तोड नाही. एक गोल केला. मग एक बॉल जमिनीवरून आला, केळीवाल्याला वाकायला उशीर झाला आणि बरोबरी झाली. दादा उभा राहून ओरडला, “अरे, कीपर हाय का दरवाजा!” पुतण्या त्याच्या बाजूलाच बसला होता. मी दादाकडं असं बघितलं की तो खाली बसला.

वेळ संपली. एक-एक. आता पेनल्टी. स्पर्धेच्या नियमानं पेनल्टीआधी एक बदली घ्यायची मुभा अजून शिल्लक होती. चाचा धावत आमच्याकडं आले. ते पुतण्याशी बोललेच नाहीत, थेट दादासमोर उभे राहिले.

“सर, आता तुम्ही बोला.”

मी पिशवीतून डबा बाहेर काढला आणि ग्लोव्हज पुतण्याच्या मांडीवर ठेवले. त्यानं ते घातले नाहीत, पण त्यावर हात ठेवला. सगळी टीम मैदानातून दादाकडं बघत होती. केळीवालासुद्धा बघत होता, आणि त्याच्याच डोळ्यांत सगळ्यात जास्त विनवणी होती. त्याला सुटायचं होतं.

“दादा, पाच मिनिटांचा सवाल हाय,” मी म्हणालो. “तुझ्या पाया पडतो.”

दादाचा चेहरा लाल झाला. माझ्या भावाला मी लहानपणापासून ओळखतो, त्याला हो म्हणायचं होतं. हो त्याच्या ओठावर आलं होतं. पण तो म्हणाला, “पेनल्टीला अंग टाकावं लागतं. हातावर पडला तर? न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई.”

“राहू द्या, काका,” पुतण्या म्हणाला. त्यानं ग्लोव्हज उचलले, गोलपर्यंत चालत गेला आणि केळीवाल्याच्या हातात घातले. त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग जाळीच्या मागं जाऊन उभा राहिला, हात मागं बांधून.

मी आणि दादा त्याच बाजूला कडेला उभे होतो. पहिला मारणारा धावत आला आणि बॉलला पाय लागायच्या आधीच, जाळीमागं, पुतण्याचं अंग डावीकडं झुकलं. बॉल डावीकडं आला. केळीवाला उजवीकडं पडला होता. दुसऱ्या वेळी पोरगं उजवीकडं झुकलं, बॉल उजवीकडं. केळीवाला जागीच उभा. तिसऱ्याला पोरगं चुकलं, बॉल मधून गेला. चौथ्याला पुन्हा बरोबर. त्याचे हात मागंच बांधलेले होते. त्याला स्वतःला कळत असेल असं मला वाटत नाही, ते त्याच्या अंगालाच ठाऊक होतं. माझ्या शटरसमोर ते अंगात भरलं होतं आणि क्लासला ते अजून काढता आलं नव्हतं.

दादाही तेच बघत होता. मैदानाकडं नाही, जाळीच्या मागं. दुसऱ्या पेनल्टीला त्यानं माझी बाही धरली होती, ती शेवटपर्यंत सोडली नाही.

आम्ही हरलो. चाचा बूट गोळा करायला लागले. केळीवाला बसून रडत होता आणि पुतण्या त्याच्याजवळ उकिडवा बसून त्याला काहीतरी दाखवत होता, गुडघा कसा आत घ्यायचा ते. होस्टेलची वेळ झाली तसा तो उठला. दादानं त्याला लाडवाचा डबा दिला आणि म्हणाला, “अभ्यास कर.” पोरगं हो म्हणालं आणि निघालं. त्यानं मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, निदान बापाचा चेहरा तरी त्याला दिसला असता.

परतीच्या वाटेवर मी दादाची गाडी सोडून दुसऱ्या गाडीत बसलो. त्याच्याशी काय बोलायचं? वरातीमागून घोडं. मला त्याचा राग आला होता, अजूनही येतो, आणि तो चुकलाच असं छातीठोक सांगताही येत नाही, ह्याचा जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नेहमीसारखा मुदखेडहून आला आणि टपरीवर बसला. लोक जमलेलेच होते. पुढच्या वर्षी काय काय पाहिजे ह्यावर चर्चा सुरू झाली होती. कुणी म्हणालं, एक डावा बॅक. कुणी म्हणालं, मधल्या फळीत एक दमदार गडी. चाचांनी फळीवर पुन्हा ग्लास मांडले आणि सवयीनं एक ग्लास दादाच्या पुढं, गोलच्या जागी ठेवला.

“और सर, कीपर. पहिले तो कीपर देखना.”

मी दुकानाच्या दारातून बघत होतो. दादानं तो ग्लास हातात घेतला.

“कीपरचं न्हाई बघायचं,” तो म्हणाला. “कीपर हाय आपल्याकडं.”

तो लातूरला आहे, हे टपरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. चाचांनी त्याच ग्लासात त्याला चहा ओतून दिला.